रान, अरण्य आणि निर्जन स्थळ
शरदातील एका पायवाटेवर केलेला शास्त्राभ्यास

वाचनासाठी शास्त्रभाग: उत्पत्ती 21:14-19, 1 शमुवेल 23:14-18, नहेम्या 8:13-18, यशया 32:15, मार्क 1:12-13, 35-38 व 6:30-46

पवित्र शास्त्रात 'रान' किंवा 'अरण्य' हा शब्द आपण वारंवार वाचतो. इस्राएल लोक चाळीस वर्षे रानात फिरले, बाप्तिस्मा करणारा योहान अरण्यात प्रगट झाला, प्रभू येशूची परीक्षा अरण्यात झाली. ही वाक्ये वाचताना आपल्या मनात कोणते चित्र उभे राहते? आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे दाट झाडी, वेली, अंधार आणि श्वापदे येतात. शास्त्रातील ते स्थळ खरोखर असे होते काय? आणि नसेल, तर त्या स्थळी देवाने आपल्या लोकांना जे शिकवले ते समजून घेण्यात आपली काही चूक तर होत नाही ना? ह्या प्रश्नांचा विचार आपण ह्या पाठात करणार आहोत.

पाठाचे निमित्त अगदी साधे आहे. गेल्या आश्विनात भाषांतराच्या कामासाठी मला वाराणसीत काही दिवस राहावे लागले. नवरात्राचे दिवस होते. रस्तोरस्ती दुर्गापूजेचे मंडप, घाटांवर यात्रेकरूंची दाटी आणि पलीकडच्या तीरावर रामनगरची रामलीला चालू होती. ह्या रामलीलेत त्या नगरातील निरनिराळ्या जागाच अयोध्या, पंचवटी आणि लंका होतात. दिवसभर शब्दांची चर्चा आणि रात्री ढोलताशांचा नाद, असे आठ दिवस गेल्यावर मला एकांताची ओढ लागली. खरे सांगायचे तर ती ओढ केवळ विश्रांतीची नव्हती. देवाच्या वचनातील शब्द मी रोज तपाशीत होतो. परंतु देव माझ्याशी बोलत आहे, असा अनुभव येऊन बरेच महिने लोटले होते. भाषांतरकाराच्या वाट्याला येणारा हा एक धोका आहे. सुवार्ताकाराच्या, शिक्षकाच्या आणि रविवारच्या शाळेत शिकवणाऱ्या भगिनीच्याही वाट्याला तो येतो. भाकर वाटणारा स्वतः उपाशी राहू शकतो.

म्हणून एका सुट्टीच्या दिवशी मी चंद्रप्रभा अभयारण्याकडे निघालो.

1. राजदरी ते देवदरी

हे अभयारण्य वाराणसीहून अदमासे 70 किलोमीटरवर, विंध्याच्या पठारावर आहे. पूर्वी हा भाग वाराणसी जिल्ह्यातच होता. 1997 मध्ये चंदौली हा स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हा तो तिकडे गेला. सपाट गंगाथडीतून चकिया गाव ओलांडल्यावर जमीन चढू लागते, खडक दिसू लागतो आणि भातशेती मागे राहून झाडी सुरू होते. हिंदीतील 'चंद्रकांता' ही देवकीनंदन खत्री ह्यांची 1888 मधील कादंबरी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ह्याच परिसरातील नौगढ हे नावही ओळखीचे वाटेल. चंद्रप्रभा नदी पठारावरून खाली उतरताना दोन धबधबे निर्माण करते. वरचा राजदरी आणि त्याच्या खालच्या अंगाला थोड्याच अंतरावर देवदरी.

राजदरीपाशी मी गाडी सोडली आणि चालकाला दोन तासांनी भेटतो असे सांगून एकटाच देवदरीच्या दिशेने निघालो. चालणे फार नव्हते. धडधाकट माणसाला अर्ध्या तासाचेही नाही. मोह, तेंदू, पळस, साग आणि बांबू ह्यांच्यामधून पायवाट जात होती. पावसाळा संपून थोडेच दिवस झाले होते. आकाश धुतल्यासारखे स्वच्छ होते. गुडघ्याएवढे गवत टोकाकडून पिवळे पडू लागले होते आणि मोकळ्या जागी कासाचे पांढरे तुरे वाऱ्यावर हलत होते. परदेशी पुस्तकांतून पानगळीचा ऋतू म्हणून ज्याचे वर्णन येते तो हा नव्हे. आपला शरद म्हणजे पाऊस ओसरल्यानंतरची निवळ. पाणी निवळते, आकाश निवळते. मनही निवळावे अशी माझी अपेक्षा होती.

ह्या अरण्याची एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. हे अभयारण्य 1957 मध्ये स्थापन झाले आणि त्याच वर्षी गीरच्या रानातून एक सिंह व दोन सिंहिणी येथे आणून सोडण्यात आल्या. पुढील काही वर्षांत त्यांची संख्या 11 पर्यंत वाढली. परंतु 1965 नंतर ते हळूहळू दिसेनासे झाले आणि शेवटी एकही उरला नाही. अरण्य आहे, सिंह नाहीत. प्रभूच्या भूमीचेही असेच झाले. यार्देनेच्या काठच्या झाडीतून वर येणाऱ्या सिंहाची उपमा यिर्मया देतो (49:19), परंतु त्या देशातून सिंह कित्येक शतकांपूर्वी नाहीसे झाले. आज आपण शास्त्र वाचतो तेव्हा अशा पुष्कळ गोष्टी डोळ्यांआड झालेल्या असतात. शब्द तेवढे आपल्यापर्यंत पोहोचतात. म्हणून शब्दांचा अभ्यास करावा लागतो.

2. मूळ भाषांतील चार शब्द

शास्त्रात ह्या विषयासंबंधी चार शब्द विशेष ध्यानात घ्यावेत.

पहिला इब्री शब्द 'मिदबार'. जुन्या करारात तो अडीचशेहून अधिक वेळा येतो. अनेक अभ्यासकांच्या मते त्याचा संबंध गुरेमेंढरे हाकण्याच्या क्रियेशी आहे. ज्या भूमीत कोणी वस्ती करत नाही, नांगर चालत नाही, पण पावसानंतर थोडे गवत उगवते व मेंढपाळ आपले कळप नेतात ती भूमी म्हणजे मिदबार. तीत कोठे कोठे वाळवंटही आहे, परंतु सारे मिदबार वाळवंट नव्हे. दाट झाडी तर त्यात मुळीच अभिप्रेत नाही.

दुसरा शब्द 'यआर', म्हणजे झाडांचे वन. दाविदाचे सैन्य व अबशालोमाचे सैन्य ह्यांची लढाई एफ्राइमाच्या वनात झाली, तेथे हा शब्द आहे (2 शमुवेल 18:6). तलवारीपेक्षा वनानेच त्या दिवशी अधिक माणसे खाल्ली, असे तो इतिहासकार सांगतो.

तिसरा शब्द 'होरेश', म्हणजे झाडोरा किंवा दाट झुडपांची जागा. शौलापासून लपत असता दावीद अशाच जागी राहिला होता. 1 शमुवेल 23:15 ह्या एकाच वचनात मिदबार आणि होरेश हे दोन्ही शब्द आले आहेत. मोकळ्या उजाड प्रदेशात एक झाडोरा, असे ते चित्र आहे.

चौथा शब्द नव्या करारातील ग्रीक 'एरेमोस'. ह्याचा मूळ अर्थ 'ओस', 'निर्जन', 'सोडून दिलेले' असा आहे. झाडे आहेत की वाळू आहे हे हा शब्द सांगत नाही; तेथे माणसे नाहीत, एवढेच सांगतो. ह्याचा सुंदर पुरावा मार्काच्या सहाव्या अध्यायात आहे. ते स्थळ एरेमोस आहे असे शिष्य म्हणतात (वचन 35), आणि थोड्याच वेळात प्रभू लोकांना हिरव्या गवतावर बसवण्यास सांगतो (वचन 39). निर्जन स्थळ, पण हिरवे. योहानाच्या शुभवर्तमानावरून कळते की वल्हांडण जवळ आले होते (6:4), म्हणजे तो वसंत ऋतू होता.

3. आपल्या भाषेतील शब्द

आता मराठीकडे वळू. आपल्या प्रचलित शास्त्रात 'रान' व 'अरण्य' हे दोन्ही शब्द आढळतात. पूर्वीच्या भाषांतरकारांनी 'अरण्य' निवडला म्हणून त्यांना कोणी दोष देऊ नये. संस्कृतात अरण्य हा शब्द 'दूरचे, परके' अशा अर्थाच्या शब्दापासून आला आहे, आणि प्राचीन वाङ्मयात तो 'ग्राम' ह्या शब्दाच्या विरुद्ध वापरला जाई. गाव संपले की अरण्य सुरू झाले. ह्या मूळ अर्थाने तो मिदबारच्या पुष्कळ जवळ आहे. त्याहून नवल 'जंगल' ह्या शब्दाचे. संस्कृतातील 'जांगल' हा शब्द आयुर्वेदाच्या ग्रंथांत कोरड्या, कमी पाण्याच्या, विरळ झाडांच्या प्रदेशासाठी येतो. पाणथळ 'आनूप' देशाच्या अगदी उलट. आज मात्र जंगल म्हटले की आपल्याला दाट झाडीच दिसते. शब्द तोच राहिला, चित्र बदलले.

चित्र बदलल्याने अर्थाची हानी कशी होते हे यशया 32:15 वरून कळेल. तेथे संदेष्टा म्हणतो की वरून आत्म्याचा वर्षाव होईल तेव्हा मिदबारचे 'कर्मेल', म्हणजे फळबाग किंवा सुपीक मळा, होईल आणि कर्मेल 'यआर' म्हणजे वन असा गणला जाईल. चढती पायरी आहे: उजाड भूमी, मग मळा, मग घनदाट वन. आता मिदबारसाठी आपण अरण्य लिहिले, आणि वाचकाने त्याचा अर्थ दाट झाडी असा घेतला, तर काय होईल? अरण्याचा मळा होईल आणि मळ्याचे पुन्हा अरण्य! जेथून निघालो तेथेच येऊन पोहोचलो. देवाच्या आत्म्याने काही केले असे वाचकाला वाटणारच नाही. मूळ वचनात 'ओतला जाईल' हे क्रियापद आणि 'वन' हा शब्द ह्यांच्या ध्वनीतही साम्य आहे. वरून ओतले जाते आणि खाली वन उगवते. यहेज्केल 34:25 मध्येही मिदबार आणि यआर एकाच वाक्यात आहेत. लोक मिदबारमध्ये निर्भय राहतील आणि वनांत झोपही घेतील असे अभिवचन आहे. तेथेही दोन निराळी चित्रे वाचकापुढे उभी राहिली पाहिजेत.

देवदरीच्या वाटेवर एका ठिकाणी झाडी अचानक संपली आणि खडकाळ, गवताळ मोकळा तुकडा लागला. दूरवर काही म्हशी चरत होत्या. तेथे उभा असताना बालपणापासून कानांवर असलेला एक शब्द मला आठवला: माळरान. सोलापूर, अहिल्यानगर, सातारा ह्या भागांतील वाचकांना तो समजावून सांगण्याची गरज नाही. पावसानंतर चार महिने गवत, पुढे आठ महिने करडी जमीन. वस्ती नाही, नांगर नाही. मेंढरे घेऊन जाणारे धनगर मात्र आहेत. मिदबार ह्या शब्दाचे इतके यथार्थ चित्र देणारा दुसरा मराठी शब्द मला ठाऊक नाही. दावीद बेथलेहेमाजवळ मेंढरे राखत होता तो प्रदेश आपल्या मेंढपाळांना परका वाटला नसता.

पंडिता रमाबाईंची येथे आठवण होते. त्यांचा जन्म 1858 मध्ये पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी तेथे आश्रम केला होता. अरण्य हा शब्द रमाबाईंना पुस्तकातून शिकावा लागला नव्हता. त्याच रमाबाईंनी पुढे केडगाव येथे इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. संस्कृतावर त्यांचे असाधारण प्रभुत्व असूनही, साध्या खेड्यातील स्त्रीला समजेल अशी मराठी असावी हा त्यांचा आग्रह होता. 5 एप्रिल 1922 रोजी त्या प्रभूकडे गेल्या, त्यापूर्वी ते काम त्यांनी पुरे केले होते. विद्वत्ता जवळ असताना सोपा शब्द शोधणे हे देखील सेवेचेच एक रूप होय.

4. अरण्यरुदन

मराठी मनात अरण्य ह्या शब्दाभोवती आणखी काही छाया आहेत. 'वनवास' म्हटले की शिक्षा आठवते, 'वानप्रस्थ' म्हटले की संसारातून निवृत्ती, आणि 'अरण्यरुदन' म्हटले की व्यर्थ आक्रोश. कोणी ऐकणारा नसताना रडणे म्हणजे अरण्यरुदन. म्हणून योहानाविषयीचे वचन वाचताना एखाद्या मराठी वाचकाला सहज वाटेल की अरण्यात ओरडणारा हा बिचारा व्यर्थच ओरडत होता.

ह्या शब्दाचा अर्थ त्या दिवशी मला थोडासा अंगावर घ्यावा लागला. त्या मोकळ्या तुकड्यापलीकडे वाटेला दोन फाटे होते. विचारात असल्यामुळे मी गुरांच्या पायांनी पडलेली वाट माणसांची समजून धरली. ती एका ओहोळात उतरली आणि बांबूच्या बेटात नाहीशी झाली. धबधब्याचा आवाज ऐकू येत होता, पण तो खडकांवर आपटून चारही दिशांनी येत असल्यासारखा वाटे. भ्रमणध्वनीला तेथे संपर्क नव्हता. मागे फिरलो तर आलेली वाटही ओळखेना. पाऊण तास मी असा हिंडलो. अखेर दोनदा मोठ्याने हाक मारली. उत्तर आले नाही. पन्नाशी उलटलेला मनुष्य, खिशात पाण्याची अर्धी बाटली. संकट मोठे नव्हते, परंतु भीती खरी होती. वाचकहो, त्या क्षणी मी कोणत्याही मूळ शब्दाचा विचार केला नाही. फार महिन्यांनी मी साधी, ओबडधोबड, दोन वाक्यांची प्रार्थना केली. ती लिहून ठेवण्यासारखी नव्हती. पण ती माझी होती.

शास्त्रातील खरेखुरे अरण्यरुदन हागारेचे आहे. बैरशेब्याच्या मिदबारमध्ये पाण्याची मसक रिकामी झाली. तिने मुलाला झुडपाखाली टाकले, आणि त्याचे मरण दिसू नये म्हणून दूर बसून ती मोठ्याने रडली (उत्पत्ती 21:14-16). आपल्या म्हणीप्रमाणे ते रडणे व्यर्थ जायला हवे होते. परंतु पुढचे वचन सांगते की देवाने मुलाचा आवाज ऐकला. त्या मुलाचे नावच इश्माएल, म्हणजे 'देव ऐकतो'. ज्या घरातून ती काढली गेली होती तेथे तिचे ऐकणारे कोणी नव्हते. निर्जन स्थळी ऐकणारा होता. आपल्या भाषेतील म्हण खोटी ठरवणारा हा शास्त्रभाग आहे. ज्या बहिणीला सासरी कोणी विचारत नाही, ज्या वृद्ध पित्याचा दूरध्वनी मुले उचलत नाहीत, त्यांनी तो जरूर वाचावा.

यशया 40:3 विषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. शुभवर्तमानांत, ग्रीक भाषांतराला अनुसरून, वाणी निर्जन स्थळी ऐकू येते. इब्री पाठातील परंपरागत विरामांप्रमाणे मात्र 'मिदबारमध्ये' हे शब्द पुढील आज्ञेशी जोडले जातात, म्हणजे प्रभूचा मार्ग मिदबारमध्येच तयार करावयाचा आहे. दोन्ही अर्थ एकमेकांना पूरक आहेत. जेथे वाट नाही तेथेच वाणी होते, आणि जेथे वाणी होते तेथेच वाट तयार होते.

5. झाडोऱ्यातील योनाथान

मी हाका मारणे थांबवून एका खडकावर बसलो. काही वेळाने बांबूंमागून काठीचा आवाज आला आणि म्हशी राखणारा एक वृद्ध पुढे आला. माझी हाक त्याने ऐकली होती. म्हशी आवरून यायला त्याला वेळ लागला. त्याने मला काही विचारले नाही. 'बाबूजी' म्हणून पुढे चालू लागला, आणि थोड्याच वेळात आम्ही मुख्य वाटेवर होतो. मला वाटले होते त्याहून ती फारच जवळ होती. निरोप घेताना तो त्याच्या बोलीत जे म्हणाला त्याचा भावार्थ असा: एकट्याने यावे, त्याला काही हरकत नाही, पण कोणत्या बाजूला जातो हे कोणाला तरी सांगून यावे.

दाविदाची गोष्ट मला त्या वाटेवर आठवली. शौल रोज त्याचा शोध करत होता. कईला नगराचे रक्षण त्याने केले, तरी ते नगर त्याला शत्रूच्या हाती देणार असे त्याला कळले. अशा वेळी शौलाचाच पुत्र योनाथान उठला, होरेशात दाविदाकडे गेला आणि त्याने देवाच्या ठायी त्याचा हात बळकट केला (1 शमुवेल 23:16). त्याने सैन्य आणले नाही, शस्त्र आणले नाही. करार करून तो घरी परतला आणि दावीद होरेशातच राहिला. त्या दोघांच्या भेटीचा ह्यानंतर शास्त्रात उल्लेख नाही. दाविदाचा वनवास योनाथानाने संपवला नाही. परंतु तो एकाकी राहू दिला नाही. एकांत आणि एकाकीपण ह्यांत हाच भेद आहे. एकांत मनुष्य निवडतो. एकाकीपण त्याच्यावर येऊन पडते. पहिल्यात देवाला भेटावे, दुसऱ्यातून भावाला सोडवावे.

6. वाराणसीचे एक मराठी कुटुंब

वाराणसीत आपल्या मंडळीच्या इतिहासातील एका एकाकी वाटसरूचे स्मरण करणे योग्य होईल. नीलकंठ गोरे हे 1825 मध्ये जन्मलेले चित्पावन कुळातील मराठी पंडित. काशीतच वाढले, तेथेच शास्त्रे शिकले. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम स्मिथ ह्यांच्याशी वाद घालून ख्रिस्ती मताचे खंडन करावे म्हणून त्यांनी शास्त्र वाचावयास घेतले, आणि त्यातून त्यांचे अंतःकरण पालटले. 14 मार्च 1848 रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला तो काशीत नव्हे, तर अदमासे 60 किलोमीटरवरील जौनपूर येथे. त्यांनी 'नहेम्या' हे नाव घेतले. नातलगांचा तीव्र विरोध त्यांना सोसावा लागला. पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर राहिल्या, परंतु 1853 मध्ये वाराणसी येथे कन्या एलन लक्ष्मी हिचा जन्म झाल्यावर थोड्याच काळात त्या निवर्तल्या.

ती मुलगी परक्या घरी वाढली, पुढे स्टॉर्स ह्या मिशनरी कुटुंबाबरोबर इंग्लंडला गेली आणि 1880 मध्ये सेवेसाठी भारतात परतली. आई नाही, पिता दूर, भाषाही हरवलेली, अशा ह्या कन्येने इंग्रजीत जे गीत लिहिले ते देवाच्या समक्षतेच्या गुप्त ठिकाणाविषयी आहे, आणि ते जगभर गाइले गेले. स्तोत्र 31:20 व 91:1 मध्ये ज्या आश्रयस्थानाचा उल्लेख आहे त्यासाठी इब्रीत 'सेतेर' हा शब्द येतो; त्याचा अर्थ लपण्याची जागा. पित्याने एकाकीपण सोसून जो मार्ग धरला त्यावर कन्येला एकांताचा आश्रय सापडला. नहेम्या गोरे ह्यांच्याच लेखनाने पुढे रमाबाईंच्या शंकांचे निरसन होण्यास साहाय्य झाले. 1848 मध्ये जौनपूरच्या वाटेवर असलेल्या तरुणाला हे काहीही दिसत नव्हते.

7. प्रभूचा एकांत

आता आपल्या प्रभूकडे पाहू. मार्काच्या शुभवर्तमानात तीन प्रसंग आहेत.

(अ) मार्क 1:12-13. आत्मा त्याला निर्जन स्थळी घालवतो. तेथे परीक्षा आहे. तो वनपशूंबरोबर होता हे केवळ मार्कच सांगतो, आणि लगेच देवदूतांच्या सेवेचाही उल्लेख करतो. निर्जन स्थळ म्हणजे देव जेथे नाही ते स्थळ नव्हे.

(आ) मार्क 1:35-38. कफर्णहूमात सारे नगर दाराशी लोटले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे अंधार असतानाच तो निर्जन स्थळी जाऊन प्रार्थना करतो. शिमोन त्याला शोधत येतो. प्रभू लोकांच्या मागणीने परत फिरत नाही. दुसऱ्या गावांकडे जाण्याचा निर्णय त्याला त्या प्रार्थनेत मिळालेला आहे. लूक 5:16 मधील क्रियापदाच्या रूपावरून असे जाणे ही त्याची नित्याची सवय होती हे कळते.

(इ) मार्क 6:30-46. शिष्यांना जेवायलाही सवड नव्हती, म्हणून त्याने त्यांना विश्रांतीसाठी एकांती नेले. पण लोक धावत आधीच तेथे पोहोचले. एकांत मोडला! प्रभू रागावला नाही. त्याला त्यांचा कळवळा आला. परंतु सर्वांना तृप्त करून निरोप दिल्यावर तो प्रार्थनेसाठी डोंगरावर गेलाच (वचन 46). कळवळ्याने एकांत पुढे ढकलला, रद्द केला नाही.

एलीयाचेही तसेच. सेवकाला बैरशेब्यात ठेवून तो एकटाच मिदबारमध्ये गेला (1 राजे 19:3-4). देवाने त्याला खाऊ घातले, झोपू दिले, त्याच्याशी मंद वाणीने बोलणे केले, आणि मग परत पाठवले. शास्त्रातील एकांत वानप्रस्थ नव्हे. त्याला परतीची वाट आहे.

8. शरद ऋतू आणि मांडवांचा सण

इस्राएलाच्या सातव्या महिन्यात, म्हणजे साधारण आपल्या आश्विन-कार्तिकात, मांडवांचा सण येत असे. बंदिवासातून परतलेल्या लोकांना नियमशास्त्र वाचून दाखवण्यात आले तेव्हा ते डोंगरावर गेले, त्यांनी जैतून, मेंदी, खजूर व इतर दाट पानांच्या झाडांच्या डाहळ्या आणल्या आणि घराच्या धाब्यांवर व अंगणांत मांडव घातले (नहेम्या 8:15-16). ज्या मिदबारमध्ये झाडे नव्हती त्याची आठवण त्यांनी झाडांच्या सावलीत बसून केली (लेवीय 23:42-43). आपला शरद पावसानंतर येतो. त्यांचा पावसाआधी, जमीन सर्वांत कोरडी असताना. त्या कोरड्या ऋतूत त्यांना सांगितलेले होते की आनंद करा. आभाळ अजून रिकामे होते, पण मन्ना देणारा तोच होता.

देवदरीला मी शेवटी पोहोचलो. पाणी खोल दरीत कोसळत होते. तेथे मी फार वेळ थांबू शकलो नाही, कारण चालक वाट पाहत असणार होता. काही दिव्य दर्शन झाले नाही. परंतु त्या दोन वाक्यांच्या प्रार्थनेनंतर माझ्या आत काहीतरी सैल झाले होते, आणि वाराणसीला परतल्यावर दुसऱ्या दिवशी यशयाचा तोच अध्याय उघडला तेव्हा तो मी तपासण्याआधी वाचला.

प्रिय वाचकहो, आपल्यापैकी प्रत्येकाला विंध्याच्या पठारावर जाता येणार नाही. मुंबईच्या चाळीत राहणाऱ्या भगिनीला गच्चीचा कोपरा आणि शेतावर राबणाऱ्या बंधूला बांधावरचे झाड पुरेसे आहे. एरेमोस म्हणजे झाडे नव्हेत, वाळू नव्हे. जेथे पित्याखेरीज ऐकणारा कोणी नाही अशी जागा. तिकडे जाताना त्या वृद्धाचा सल्ला ध्यानात ठेवावा, आणि घरी कोणाला तरी सांगून जावे. आणि परत आल्यावर आपल्या मंडळीत कोण होरेशात बसला आहे, ह्याचीही चौकशी करावी.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

1. यशया 32:15 मधील तीन पायऱ्या आपल्या शब्दांत सांगा. आपल्या मंडळीचे जीवन आज कोणत्या पायरीवर आहे?
2. हागार व एलीया ह्यांच्या मिदबारमधील अनुभवांत कोणते साम्य व कोणता भेद आहे?
3. योनाथानाने दाविदाची परिस्थिती बदलली नाही, तरी त्याची भेट महत्त्वाची का ठरली? असा हात बळकट करण्याची गरज असलेली एक व्यक्ती ह्या आठवड्यात निश्चित करा.
4. मार्क 6:30-46 मध्ये प्रभूचा एकांत मोडला जातो. सेवा आणि एकांत ह्यांचा मेळ आपण कसा घालतो?
5. आपल्या दिनक्रमात 'निर्जन स्थळ' कोणते? ते नसेल, तर कोणती वेळ व जागा आपण ठरवाल?

प्रार्थना

हे ऐकणाऱ्या देवा, ज्या ठिकाणी आमचे कोणी ऐकत नाही तेथे तू ऐकतोस म्हणून आम्ही तुझे उपकार मानतो. तुझे वचन हाताळताना तुलाच विसरण्यापासून आम्हांला राख. आमच्या माळरानावर तुझा आत्मा ओत. जे एकाकी आहेत त्यांच्याकडे आम्हांला पाठव. प्रभू येशूच्या नावाने. आमेन.